पनामा कालव्याची क्रूझ बुक करण्याआधी जहाजाची रुंदी विचारा

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. तुमचे यजमान स्थापत्य अभियंता, नुकतेच निवृत्त झालेत. पनामा कालवा बघायचं त्यांच्या मनात कॉलेजपासून आहे. तुम्हाला स्वतःला समुद्राचं वेड नाही, उलट बोट लागेल अशी धास्ती आहे. सोबत 80 वर्षांच्या सासूबाई येणार, त्यांचे गुडघे दुखरे. एजंटने दोन पर्याय दिलेत: फ्लोरिडाहून निघून कालवा पूर्ण पार करून कॅलिफोर्नियाला पोचणारी 15 रात्रींची क्रूझ, नाहीतर फ्लोरिडाहून निघून कालव्यात शिरून परत फ्लोरिडालाच येणारी 10 रात्रींची. आगाऊ रक्कम भरा म्हणून तो मागे लागलाय. आणि तुम्ही विचारताय, कालव्याच्या एका दिवसासाठी एवढा खर्च करावा का, आणि करायचा तर कुठल्या क्रूझवर?

मी क्रूझच्या सहली आखण्याचं काम करते, गटांबरोबर स्वतःही जाते, आणि पनामाला अनेकदा जाऊन आले आहे. कालवा बघून निराश झालेला माणूस मला जवळजवळ भेटलेलाच नाही. पनामाच्या क्रूझवरून नाराज होऊन परतलेली माणसं मात्र बरीच भेटलीत. त्यांची नाराजी दोनच गोष्टींवर असते: कालव्याच्या आगेमागे समुद्रात जाणारे दिवस, आणि आपलं जहाज कालव्यात नेमकं कुठून गेलं, किती आत गेलं हे आधी न कळणं. म्हणून एजंटला आधी जहाजाचं नाव आणि त्याची रुंदी विचारा. ते कळेपर्यंत एक पैसाही भरू नका. रुंदीचं एवढं काय, ते कळायला आधी कालव्यातला दिवस कसा जातो ते सांगते.

पूर्ण पार जाणारं जहाज पहाटे कालव्याच्या अटलांटिककडच्या टोकाला, लिमोन उपसागराच्या तोंडाशी येतं. पुरतं उजाडलेलंही नसतं. आजूबाजूला नांगर टाकून थांबलेल्या मालवाहू जहाजांचे दिवे दिसत असतात. कालव्याचा पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा तिथला जाणकार, छोट्या बोटीतून येतो आणि शिडीने वर चढतो. बहुतेक बंदरांत पायलट सल्ला देतो आणि हुकूम कप्तानाचा चालतो. पनामात जहाज हाकण्याचा ताबाच पायलटकडे जातो. 2019 साली सुरू झालेल्या अटलांटिक पुलाखालून जहाज आत सरकतं आणि थोड्याच वेळात गाटूनची तीन पायऱ्यांची लॉक समोर येतात. लॉक म्हणजे दरवाजे असलेले मोठे हौद, ज्यात पाणी भरून किंवा सोडून जहाज पायरीपायरीने वर-खाली नेतात.

इथे डोळे उघडे ठेवून बघा. दोन माणसं एक साधी वल्ह्यांची होडी घेऊन या अजस्र जहाजाच्या पुढ्यात येतात आणि भिंतीवरची दोरी जहाजापर्यंत पोचवतात. 1914 पासून कालव्यात किती सुधारणा झाल्या, पण ही होडी टिकून आहे. त्या दोरीमागून पोलादी तारा येतात आणि त्या तारांच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवरच्या रुळांवर धावणारी विजेची इंजिनं असतात, त्यांना तिथे म्यूल म्हणतात. ती जहाज ओढून नेतात असं बहुतेकांना वाटतं. खरं तर जहाज स्वतःच्याच इंजिनाने पुढे जात असतं. म्यूलचं काम त्याला दोन्ही बाजूंनी ताणून मधोमध धरण्याचं. कारण जुन्या लॉकची रुंदी 33.5 मीटर आणि त्यात जाऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या जहाजाची 32.3 मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम 60 सेंटिमीटर जागा उरते. खालच्या प्रोमनाड डेकवर, म्हणजे जहाजाभोवती फिरायच्या उघड्या मजल्यावर, कठड्याशी उभं राहिलं की ओलं, शेवाळलेलं काँक्रीट अगदी हाताशी येतं. मग मागचे दरवाजे मिटतात, पाणी भरायला लागतं, आणि ती भिंत हळूहळू खाली जायला लागते. वर आपण जात असतो, पण डोळ्यांना भिंतच बुडताना दिसते. थोड्या वेळाने भिंतीची कड खाली जाते आणि समोर एकदम हिरवळ, रूळ, पिवळं हेल्मेट घातलेला एखादा कामगार दिसतो. चढावर जाताना म्यूलची घंटा वाजते. माझ्याबरोबर आलेले लोक एरवी सारखे फोटो काढत असतात, पण या वेळी बहुतेकांचा फोन खाली गेलेला असतो.

तुमच्या यजमानांना सांगा की इथे कुठेही पंप नाही. गाटून तलाव समुद्रसपाटीपासून 26 मीटर उंचीवर आहे आणि त्याचंच पाणी गुरुत्वाकर्षणाने भुयारांमधून खाली उतरून लॉक भरतं. एक जहाज पूर्ण पार जाताना साधारण 20 कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. दरवाजे सुमारे 2 मीटर जाडीचे, रिव्हेट मारलेले, आतून पोकळ. पोकळ असल्यामुळे ते पाण्यात काही अंशी तरंगतात आणि बिजागऱ्यांवर भार कमी येतो. दोन पाखं इंग्रजी व्ही आकारात मिटतात, म्हणजे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट बंद करतो. त्यातली बरीचशी शंभर वर्षांपूर्वीची आहेत आणि डागडुजी करून आजही चालतात. स्थापत्य शिकलेला माणूस या दरवाजांसमोर अर्धा तास उभा राहिला तरी त्याचं समाधान होत नाही, हे मी नेहमी बघते.

गाटून चढून जायला साधारण दीड-दोन तास लागतात. त्यानंतर तलाव. चाग्रेस नदीवर धरण बांधून हा तलाव केला, खोऱ्यातली गावं आणि जंगल त्याखाली गेलं. टेकड्यांचे माथे तेवढे बेटं म्हणून वर राहिले. त्यातलंच बारो कोलोराडो हे बेट. तिथे स्मिथसोनियन संस्थेचं उष्णकटिबंधीय जंगलांवर संशोधन करणारं केंद्र आहे. जेवून घ्यायचं असेल तर या टप्प्यात घ्या, कारण दुपारनंतर कुलेब्राचा खंदक येतो आणि तो मला या दिवसाचा सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो.

कुलेब्रा म्हणजे दोन महासागरांच्या मधला डोंगरी कणा कापून काढलेला सुमारे 13 किलोमीटरचा मार्ग. फ्रेंचांनी 1881 मध्ये सुएझवाल्या फर्दिनांद द लेसेप्सच्या नेतृत्वाखाली इथे काम सुरू केलं. समुद्राच्या पातळीवरच, लॉकशिवाय कालवा काढायचा त्यांचा हट्ट होता. दरडी, पिवळा ताप आणि मलेरिया यांनी 1889 पर्यंत ते काम मोडीत काढलं. त्या काळात सुमारे 22,000 माणसं मेली असा अंदाज आहे. 1904 मध्ये अमेरिकेने काम हाती घेतलं. विल्यम गॉर्गस यांनी डासांविरुद्ध मोहीम उघडली, जॉन स्टीव्हन्स यांनी रेल्वेची घडी बसवली, जॉर्ज गोथल्स यांनी काम तडीस नेलं. तरीही नोंदीतला मृत्यूंचा आकडा 5,609 आहे. त्यातले बहुसंख्य बार्बाडोस, जमैकासारख्या बेटांवरून आलेले कृष्णवर्णीय मजूर होते. पगाराच्या याद्या दोन असत, सोन्याची आणि चांदीची. गोऱ्या अमेरिकनांची नावं पहिल्या यादीत आणि या मजुरांची दुसऱ्या यादीत. घर, जेवण, दवाखाना, सगळं त्या यादीप्रमाणे वेगळं. जहाजावरच्या लाउडस्पीकरवरून दिवसभर माहिती सांगतात, त्यात हा भाग फार थोडक्यात उरकला जातो. म्हणून मी माझ्या गटांना तो आदल्या रात्रीच सांगून ठेवते. डाव्या हाताला गोल्ड हिल आणि उजव्या हाताला कॉन्ट्रॅक्टर्स हिल, यांच्या मधून जहाज जातं तेव्हा डोंगराला पाडलेल्या पायऱ्या अगदी स्पष्ट दिसतात. त्या कोणी खणल्या हे माहीत असलं की बघणं वेगळं होतं.

मग पेद्रो मिगेलची एक पायरी, छोटा मिराफ्लोरेस तलाव, मिराफ्लोरेसच्या दोन पायऱ्या, आणि संध्याकाळच्या सुमारास 1962 सालच्या अमेरिकांच्या पुलाखालून जहाज पॅसिफिकमध्ये बाहेर पडतं. मिराफ्लोरेसचे समुद्राकडचे दरवाजे सगळ्यांत उंच आहेत, कारण पॅसिफिकच्या बाजूला भरती-ओहोटीचा फरक कित्येक मीटरचा असतो. अटलांटिकच्या बाजूला तो एक मीटरही नसतो. सगळं मिळून साधारण 80 किलोमीटर आणि आठ ते दहा तास. आणखी एक, पनामाची भूमी इथे अशी वळलेली आहे की कालव्याचं पॅसिफिककडचं टोक अटलांटिककडच्या टोकाच्या पूर्वेला येतं. त्यामुळे जहाज अटलांटिकहून पॅसिफिककडे जाताना आग्नेयेला जात असतं. नकाशा बघितल्याशिवाय हे कोणाला पटत नाही.

आता रुंदीकडे येते.

26 जून 2016 रोजी कालव्याची नवी, मोठी लॉक सुरू झाली: अटलांटिककडे आग्वा क्लारा, पॅसिफिककडे कोकोली. त्यांची रुंदी 55 मीटर, लांबी 427 मीटर. दरवाजे भिंतीतून आडवे सरकत येतात, शेजारच्या टाक्यांमध्ये पाणी साठवून 60 टक्के पाणी पुन्हा वापरलं जातं. अभियांत्रिकी म्हणून उत्तमच. पण प्रवाशाच्या नजरेने बघितलं तर म्यूल नाहीत, टगबोटी जहाजाला सांभाळतात. होडी नाही, भिंत लांब राहते आणि आपण बऱ्याच उंचीवर असतो. शिवाय कोकोलीला जाणारा नवा मार्ग कुलेब्रातून थेट बाजूने निघतो, म्हणजे पेद्रो मिगेल आणि मिराफ्लोरेस ही दोन्ही हातची जातात. ज्या जहाजाची रुंदी 32.3 मीटरपेक्षा जास्त आहे त्याला नव्या लॉकमधूनच जावं लागतं. नॉर्वेजियन ब्लिस किंवा रॉयल प्रिन्सेस ही त्या वर्गातली. कोरल प्रिन्सेस आणि आयलंड प्रिन्सेस जुन्या लॉकच्या मापाची. त्या मापाची मध्यम जहाजं इतर कंपन्यांकडेही आहेत. मोठ्या जहाजावर पाण्याच्या घसरगुंड्या आणि डझनभर रेस्टॉरंटं मिळतील. तुमच्या यजमानांना जे बघायचंय ते अरुंद जहाजावरून दिसतं. त्यामुळे पनामासाठी मी कायम जुन्या मापाचं जहाज सुचवते, थोडं जुनाट वाटलं तरी.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे जाहिरातीत 'पनामा कालवा' लिहिलंय म्हणजे जहाज कालव्यात जाणारच, असं नसतं. काही क्रूझ नुसत्या अटलांटिककडच्या कोलोन शहराच्या धक्क्याला लागतात आणि तिथून बसने लॉक दाखवायला नेतात. काही गाटून किंवा आग्वा क्लारा चढून तलावात जातात, तिथे सहलीला जाणाऱ्यांना उतरवतात, वळतात आणि त्याच लॉकने परत उतरतात. तुमची 10 रात्रींची बहुधा या दुसऱ्या प्रकारातली असावी, पण बहुधावर पैसे भरू नका. एजंटकडून लेखी घ्या: जहाज लॉकमधून जाणार का, कुठल्या लॉकमधून, आणि दिवसाउजेडी का.

या अर्ध्या फेरीला बरेच जण नाक मुरडतात. मला ते पटत नाही. त्यात एक सोय आहे जी पुष्कळांना माहीत नसते. जहाज तलावात थांबतं तेव्हा विकत मिळणाऱ्या सहलींमध्ये अनेकदा अशी एक असते की तुम्हाला बसने कालव्याकाठच्या गांबोआ गावाला नेतात, तिथून छोट्या बोटीत बसवून कुलेब्रा, पेद्रो मिगेल, मिराफ्लोरेस करत पॅसिफिकपर्यंत नेतात, आणि बसने परत कोलोनला जहाजावर आणून सोडतात. छोट्या बोटीतून लॉक बघणं हा क्रूझच्या डेकवरून बघण्यापेक्षा फार वेगळा अनुभव आहे. तुम्ही पाण्याच्या अगदी जवळ, खोल हौदाच्या तळाशी असता आणि दरवाजे तुमच्या डोक्यावर मजले-मजले उंच उभे असतात. यजमानांनी सकाळी जहाजावरून गाटून बघितलं आणि मग ही सहल घेतली, तर तलावाचा मधला पट्टा सोडून त्यांचा सगळा कालवा बघून होतो. दिवस लांब आहे, उन्हाचा आहे, आणि जागा लवकर संपतात. क्रूझ बुक झाल्याबरोबर ती सहल बुक करायची. जहाजाच्याच मार्फत करायची, म्हणजे बोटीला उशीर झाला तरी जहाज सोडून जात नाही.

तुम्हाला बोट लागण्याची भीती आहे, तर हे नीट वाचा. कालव्यात आणि तलावात पाणी इतकं शांत असतं की जहाज चाललंय हेही कळत नाही. त्रास होतो तो बाहेर. डिसेंबर ते मार्च कोलंबियाच्या किनाऱ्यासमोर व्यापारी वारे जोरात असतात आणि कार्ताहेनाच्या आसपास जहाज चांगलं हलतं. पॅसिफिकच्या बाजूला कोस्टा रिका-निकाराग्वासमोर पापागायोचे वारे आणि मेक्सिकोच्या तेवांतेपेकच्या आखातातले वारे हिवाळ्यात तसेच. म्हणजे 15 रात्रींच्या क्रूझमध्ये हलणारे पट्टे जास्त, आणि एकामागून एक नुसत्या समुद्रात जाणारे दिवसही जास्त. कार्यक्रमपत्रिका मागवा आणि 'समुद्रात' असं लिहिलेले दिवस मोजा. ते दिवस तुम्ही कसे घालवाल याचं उत्तर तुमच्याकडे हवं. वाचन, पत्ते, निवांत झोप आवडणाऱ्यांना ते दिवस सोन्यासारखे वाटतात. माझ्या गटातल्या काहींना कालव्यापेक्षा तेच जास्त आठवतात. पण तिसऱ्या दिवशी खिडकीशी येरझाऱ्या घालणारी माणसंही मी बघितलीत, आणि तुमच्या पत्रावरून तुम्ही त्या दुसऱ्या गटातल्या वाटता.

महिना निवडता येत असेल तर एप्रिल बघा. पनामाचा कोरडा हंगाम साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत असतो आणि एप्रिलमध्ये वारेही ओसरायला लागलेले असतात. शिवाय याच सुमारास अलास्काच्या उन्हाळ्यासाठी बरीच जहाजं फ्लोरिडाकडून पश्चिम किनाऱ्याला हलवली जातात, त्यामुळे पूर्ण फेरीचे दर रात्रीच्या हिशेबाने बरे पडतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तीच जहाजं उलट येतात. तेव्हा पनामात पाऊस असतो आणि कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा हंगाम. पनामा स्वतः त्या वादळांच्या पट्ट्याच्या दक्षिणेला आहे, पण जहाजाची वाटेतली बंदरं बदलू शकतात. पूर्ण फेरी घेतलीच तर पश्चिमेकडे जाणारी घ्या. घड्याळ टप्प्याटप्प्याने मागे जातं, मधूनमधून 25 तासांचा दिवस मिळतो. सासूबाईंच्या झोपेला ते मानवेल.

खर्चाबद्दल. 15 रात्रींचं भाडं बघताना परतीचं विमान वेगळ्या शहरातून आहे हे धरा, त्यात रोजची टिप आणि सहलींचे पैसे मिळवा, आणि मग तीन माणसांचा एकूण आकडा दोन्ही पर्यायांसाठी शेजारी शेजारी लिहा. जाहिरातीतलं नुसतं भाडं बघून तुलना होत नाही. आणखी एक कलम लक्षात ठेवा: क्रूझच्या तिकिटाच्या करारात साधारणपणे कंपनीला मार्ग बदलायची, बंदर गाळायची मोकळीक असते, आणि कालवा हुकला म्हणून पूर्ण पैसे परत मिळतीलच असं नाही. 2023-24 मध्ये एल निनोमुळे गाटून तलावाची पातळी इतकी उतरली की रोज जाणाऱ्या जहाजांची संख्या 36-38 वरून 24 च्या आसपास आणावी लागली. क्रूझ जहाजं आपली जागा बऱ्याच आधी राखून ठेवतात, म्हणून त्यांना मालवाहू जहाजांएवढा फटका बसत नाही. तरी विमा घेताना मार्गबदलाबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

पूर्ण फेरीच्या यादीत कार्ताहेना किंवा अरुबा का असतं असं तुम्ही विचारलंत. त्याचं कारण 1886 सालचा एक अमेरिकन कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेऊन उतरवायचे असतील तर वाटेत एका दूरच्या परदेशी बंदराला लागावंच लागतं. दक्षिण अमेरिकेतली बंदरं आणि अरुबा त्यात बसतात, मेक्सिको आणि कोस्टा रिका बसत नाहीत. म्हणून 'आम्ही जरा उशिरा, पुढच्या बंदरात चढतो' असं परस्पर ठरवू नका, परवानगी मिळेलच असं नाही.

तुमचे पासपोर्ट भारतीय आहेत. क्रूझ अमेरिकेत सुरू होऊन अमेरिकेतच संपते, मधे इतर देश लागतात, तेव्हा अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. वाटेतल्या प्रत्येक देशाचा नियम क्रूझ कंपनीकडून लेखी मागवा. पिवळ्या तापाचं मात्र आत्ताच बघा. पनामा आणि कोलंबिया दोन्ही भारत सरकारच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. तिथून निघाल्यावर 6 दिवसांच्या आत लशीच्या प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलात तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घेतलेली हवी. साठीनंतर या लशीचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता, विरळा असली तरी, वाढते. म्हणून सासूबाईंसाठी आणि तुम्हा दोघांसाठीही आधी डॉक्टरांशी बोला. लस नको असं ठरलं तर पनामा सोडल्यापासून भारतात पोचेपर्यंत 6 दिवसांपेक्षा जास्त जातील अशी आखणी करता येते. कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या क्रूझमध्ये हे बहुधा आपोआप होतं. 10 रात्रींच्या क्रूझनंतर अमेरिकेत काही दिवस राहावं लागेल. विमानतळाच्या आरोग्य कार्यालयाकडून ताजा नियम विचारून घ्या.

सगळा विचार करून तुमच्या घरासाठी माझं मत असं. 10 रात्रींचं जहाज 32.3 मीटरच्या आतलं असेल, जुन्या गाटूनमधून जाणार असेल, आणि छोट्या बोटीची ती सहल मिळत असेल, तर तेच घ्या. ते जहाज रुंद असेल आणि 15 रात्रींचं अरुंद असेल, तर 15 रात्रींचं घ्या, पण समुद्रातले दिवस मोजल्यावरही तुमची तयारी असेल तरच. दोन्ही जहाजं रुंद निघाली तर क्रूझचा नाद सोडा आणि विमानाने पनामा सिटीला जा. चार-पाच दिवस राहा. तिथून स्थानिक बोटी कालव्याच्या पॅसिफिककडच्या लॉकमधून दिवसाच्या फेऱ्या करतात, ठरावीक दिवशी पूर्ण कालवाही पार करतात. मिराफ्लोरेसच्या प्रेक्षागारातून जहाजं अगदी समोरून जाताना दिसतात, आणि कास्को व्हिएहोची जुनी वस्ती फिरता येते. तिथे अमेरिकन डॉलरच चालतात. तुमच्यासारख्या समुद्राला घाबरणाऱ्या माणसाबरोबर ही सहल सर्वांत कमी कटकटीची आहे. तुमच्या एजंटला कदाचित ती आवडणार नाही, कारण त्यात त्याचं कमिशन नाही.

बाल्कनीची केबिन घ्यावी का, या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: फक्त कालव्यासाठी बाल्कनीचे पैसे देऊ नका. त्या दिवशी एका जागी बसून भागत नाही. पहिल्या लॉकला जहाजाच्या नाकाशी (बरीच जहाजं त्या दिवशी पुढचा डेक उघडतात), दुसऱ्याला खालच्या प्रोमनाडवर भिंतीशी, तिसऱ्याला मागच्या टोकाला, जिथून मिटणारे दरवाजे आणि मागे खाली राहिलेला समुद्र दिसतो. अटलांटिकहून जाताना डावी बाजू थोडी वरचढ आहे. गाटूनजवळची नवी आग्वा क्लारा लॉक, गोल्ड हिल आणि शेवटी पनामा सिटीच्या इमारती त्या बाजूला येतात. परतीच्या फेरीत हा हिशेब फारसा उरत नाही. बोट लागत असेल तर केबिन मात्र खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर घ्या. तिथे हलणं सर्वांत कमी जाणवतं, आणि भाडंही कमी.

राहता राहिल्या सासूबाई. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी कालव्याचा दिवस खरं तर सगळ्या क्रूझमधला सर्वांत सोपा, कारण बघायचं ते जागेवर येतं, चालावं लागत नाही. अडचण उकाड्याची आणि गर्दीची. सकाळी सहाला पुढच्या डेकवर लोक रेटारेटी करत असतात, तिथे त्यांना नेऊ नका. वरच्या मजल्यावरचा काचेचा पुढचा लाउंज वातानुकूलित असतो. तिथे पहाटेच एक खुर्ची धरा आणि गाटून संपेपर्यंत तुम्ही दोघी तिथेच बसा. मधे एकदाच त्यांना लिफ्टने प्रोमनाडवर न्या, भिंत हाताशी येते तेव्हा, आणि दहा मिनिटांत परत आणा. व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा, म्हणजे लिफ्टजवळची, रुंद दाराची केबिन मागता येईल. अशा केबिन मोजक्याच असतात आणि सर्वांत आधी संपतात. एजंटची घाई फक्त या एका बाबतीत रास्त आहे.